अंतराळवीरांनी शौचालय दुरुस्त करणे हा वेळेचा अपव्यय आहे का?

आपला प्रश्न असा आहे : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवण्यासाठी वैमानिक, डॉक्टर, शास्त्रज्ञ अशी निवडक माणसे अनेक वर्षे तयार केली जातात, मग तिथे पोहोचल्यावर त्यांना जाळ्या साफ करणे, शौचालयाचे भाग बदलणे असली कामे का करावी लागतात, आणि हा त्यांच्या वेळेचा अपव्यय नाही का? आपण यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचे विद्यार्थी असल्याचेही लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. अंतराळ संशोधनाशी माझा व्यावसायिक संबंध नाही, परंतु देखभालीच्या अंगाने या स्थानकाच्या बातम्या मी बरीच वर्षे वाचत आलो आहे.

माझ्या मते हा अपव्यय नाही. २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकावर माणसे सलग राहत आहेत, आणि ती राहू शकतात याचे कारण तिथली हवा, पाणी, वीज आणि तापमान सांभाळणारी यंत्रणा कोणी ना कोणी रोज हाताळत असते. ती बंद पडली तर प्रयोग करणाऱ्यांना गाशा गुंडाळून परत यावे लागेल. मात्र या कामातील खरी गंमत, निदान माझ्यासारख्याला वाटणारी, वेगळीच आहे : तिथे फिटर वर असतो आणि बाकीचा संपूर्ण देखभाल विभाग जमिनीवर असतो.

दिनक्रम थोडक्यात सांगतो. स्थानकाचे घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालते. त्यांची सकाळ साधारण सहाला होते, तेव्हा नाशिकमध्ये साडेअकरा वाजलेले असतात. पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे ९० मिनिटांत होत असल्याने दिवसाला सोळा सूर्योदय होतात, परंतु त्यांच्याकडे पाहून कोणी दिवस ठरवत नाही. सकाळी ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिकजवळचे केंद्र, त्सुकुबा आणि मॉस्को येथील नियंत्रण केंद्रांशी बोलणे होते, संध्याकाळी पुन्हा होते. मधल्या वेळेत साडेसहा तासांच्या आसपास नेमून दिलेले काम आणि सुमारे अडीच तास व्यायाम असतो. प्रत्येकाच्या कामाचा तक्ता पडद्यावर असतो आणि त्यावरून एक लाल रेघ सरकत राहते. रेघ पुढे गेली आणि आपले काम मागे राहिले, की उशीर झाल्याचे जगजाहीर होते. असा तक्ता आमच्याकडे कोणी लावला, तर युनियनचे पत्र दुसऱ्याच दिवशी येईल.

आता देखभालीकडे येऊ. कारखान्यात पंपाचा आवाज बदलला, की अनुभवी फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि क्षणभर ऐकून बेअरिंग गेले की नाही ते सांगतो. निदान आणि दुरुस्ती एकाच माणसाच्या हातात असते. स्थानकावर बहुतेक वेळा तसे नसते. मोटर किती वीज घेते, दाब किती आहे, झडप किती वेळात उघडली याचे आकडे सतत खाली येत असतात, आणि बिघाड बहुधा तिथेच आधी लक्षात येतो. मग जमिनीवरचे अभियंते पायरीपायरीने कृती लिहितात, शक्य असेल तिथे तसल्याच यंत्रावर ती करून पाहतात, आणि नंतरच ती वर जाते. यंत्र उघडण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा खालूनच तोडला जातो. वर असलेला माणूस स्क्रू काढून ते चिकटपट्टीला लावतो किंवा पिशवीत बंद करतो, कारण सुटलेला स्क्रू खाली पडत नाही. तो हवेच्या प्रवाहाबरोबर तरंगत जातो आणि बहुधा परतीच्या हवेच्या जाळीवर सापडतो. म्हणूनच शनिवारच्या साफसफाईत व्हॅक्यूम क्लीनरने त्या जाळ्या साफ करण्याला महत्त्व आहे. धूळ जमिनीवर बसत नसल्याने ती सगळी तिथेच येते, आणि जाळी तुंबली की हवा खेळायची थांबते. हवा खेळली नाही, तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्यानेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. आपण ज्याला जाळ्या साफ करणे म्हटले आहे, त्याचे मोल हे आहे.

शौचालयाचा मुद्दा याहून रंजक आहे. स्थानकावर लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांपासून पुन्हा पिण्याचे पाणी तयार केले जाते. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेता आले. (गंगापूर धरणाचा साठा उन्हाळ्यात खाली गेला, की पाणीकपातीच्या चर्चेने नाशिक अस्वस्थ होते, त्या शहरात हा आकडा वाचताना मला नेहमी थोडे संकोचल्यासारखे होते.) लघवीचे ऊर्ध्वपातन करणारे यंत्र ८५ टक्के पाणी परत मिळवेल अशा हिशेबाने बनवले होते, परंतु २००९ मध्ये ते तुंबले. कारण शोधले तेव्हा ते माणसांच्या हाडांपर्यंत जाऊन पोहोचले. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार येत नाही, त्यामुळे हाडांतले कॅल्शियम सुटते आणि लघवीवाटे बाहेर पडते. लघवी टिकावी म्हणून तिच्यात जे मिश्रण घालत, त्यात सल्फ्युरिक आम्ल होते. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले आणि यंत्रात कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे जिप्समचे, खडे जमू लागले. पृथ्वीवरच्या माणसांच्या लघवीत इतके कॅल्शियम नसल्याने जमिनीवरील चाचण्यांत हे दिसले नव्हते. काही वर्षे कमी पाणी काढून काम भागवावे लागले. पुढे सल्फ्युरिक आम्लाऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली, तेव्हा मूळ हिशेब जुळला. हाडे, व्यायाम, आम्ल आणि यंत्रातली नळी हे सगळे एकाच साखळीत आहे. शौचालय दुरुस्त करणारा माणूस विज्ञान सोडून दुसरे काही करत आहे, असे यानंतर म्हणवत नाही.

बाहेरची दुरुस्ती मात्र पूर्णपणे वेगळ्या दर्जाची आहे. स्थानकाचे अनेक भाग सबंध डबाच काढून नवा बसवता येईल असे बनवलेले आहेत, आणि २०११ मध्ये स्पेस शटल निवृत्त होण्यापूर्वी मोठाले सुटे भाग वर नेऊन स्थानकाच्या बाहेरच बांधून ठेवले आहेत. २०१० मध्ये शीतकरणाचा अमोनियाचा पंप बंद पडला, तेव्हा तो बदलण्यासाठी तीनदा बाहेर पडावे लागले. परंतु आपण सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांचे २०१२ मधले काम अवश्य पाहावे. सौर पॅनेलांची वीज वाटणारा सुमारे शंभर किलोचा एक डबा त्यांना बदलायचा होता. ३० ऑगस्टला त्यांनी जुना काढला, पण नव्याचा बोल्ट बसेना. आट्यांमध्ये धातूचा बारीक कीस अडकला होता. आठ तासांहून अधिक वेळ खटपट करून शेवटी त्यांनी तो डबा पट्ट्याने बांधून ठेवला आणि ते आत आले. स्थानकाच्या आठ वीजवाहिन्यांपैकी दोन त्यामुळे बंद राहिल्या. पुढच्या काही दिवसांत खालच्या अभियंत्यांनी वर उपलब्ध असलेल्या वस्तूंची यादी घेऊन हत्यारे जुळवली : तारेच्या केबलचे टोक पिंजून केलेला ब्रश, आणि दांड्याला बांधलेला दात घासायचा ब्रश. ५ सप्टेंबरला विल्यम्स आणि होशिदे यांनी आटे साफ केले, वंगण लावले, आणि बोल्ट बसला. बोल्ट साफ करून वंगण लावणे हे आमच्याकडे शिकाऊ उमेदवाराचे पहिल्या आठवड्यातले काम आहे. ते फुगलेल्या हातमोज्यांत, पाय अडकवून, प्रत्येक हत्यार दोरीने बांधून करायचे आहे, एवढाच फरक. दोरी नसली तर काय होते, हे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दिसले. एका अंतराळवीर महिलेची हत्यारांची पिशवीच तरंगत निघून गेली.

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनाही अशी कामे करावी लागली का, असे आपण शेवटी विचारले आहे. जून २०२५ मध्ये गेलेले शुक्ला जेमतेम अडीच आठवडे स्थानकावर होते, त्यामुळे मूग आणि मेथीच्या बियांना कोंब आणण्यासारखे प्रयोगच त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने आले. थोड्या मुदतीच्या पाहुण्याकडे देखभालीची मोठी कामे सहसा दिली जात नाहीत. ती सहा-सहा महिने राहणाऱ्यांची असतात. भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याचा आणि त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचा संकल्प जाहीर झालेला आहे. ते झाले, तर कोणता डबा हातमोजे घालून काढता येईल, कोणत्या बोल्टभोवती पान्याला जागा ठेवायची आणि कोणता सुटा भाग आधीच वर नेऊन ठेवायचा, हे आरेखनाच्या कागदावरच ठरवावे लागेल, आणि दुरुस्तीची कृती लिहिणारी माणसेही लागतील. आपल्या पदविकेच्या अभ्यासक्रमात देखभाल अभियांत्रिकीचा विषय असेल, तर तो गुणांपुरता उरकू नये. त्यातला बिघाडाच्या कारणांचा शोध घेण्याचा भाग विशेष लक्ष देऊन करावा.