इंजिन चालू, होडी उभी

प्रश्न (गुहागर): आमच्याकडे पर्यटक उतरतात. एका पाहुणीनं विचारलं, ‘हू रन्स धिस प्लेस?’ आम्हाला ‘रन’ म्हणजे धावणं एवढंच माहीत. या शब्दाचे किती अर्थ पाठ करावेत?

उत्तर: पाठ करायला बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे अर्थ ६०० च्या वर आहेत. तुमचं बरंचसं काम आपल्या ‘चालणं-चालवणं’ या जोडीवर भागेल. पाहुणीला विचारायचं होतं, हे कोण चालवतं? उत्तर द्या, ‘माय सिस्टर अँड आय रन इट.’ होडी धक्क्याला बांधलेली असते, जागची हलत नाही, पण इंजिन धडधडत असतं. तरी म्हणायचं ‘द इंजिन इज रनिंग’. इथे पळण्याचा संबंधच नाही.

विहिरीवरचा पंप धड आहे, पण आत्ता बंद ठेवलाय, तर ‘द पंप वर्क्स, बट इट इजन्ट रनिंग.’ आपण ‘चालतो’ आणि ‘चालू आहे’ यांत जो फरक करतो, तोच हा. फेरीबोटीचंही तसंच. नेहमीची ये-जा सांगताना ‘द फेरी रन्स बिटवीन दाभोळ अँड धोपावे’. पावसाळी वाऱ्यात आजच्यापुरती चौकशी करायची, तर ‘इज द फेरी रनिंग टुडे?’

मात्र ही जोडी सगळीकडे लावू नका. ‘माडीवरची खोली चालेल का?’ याला ‘विल द रूम अपस्टेअर्स डू?’ चप्पल दोन वर्षं चालली, तिथे ‘लास्टेड’. आणि पायी चालण्याला अर्थातच ‘वॉक’.

प्रश्न (मालवण): खानावळीत सुरमई संपली, की आम्ही ‘सुरमई इज रन आउट’ म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि ही चूक बहुधा क्रिकेटमधून येते. ‘ही वॉज रन आउट’ हे समालोचनात बरोबर असतं, कारण तिथे फलंदाजाला दुसऱ्या कुणीतरी बाद केलेलं असतं. सुरमई आपोआप संपते, म्हणून ‘हॅज’ हवं: ‘द सुरमई हॅज रन आउट.’ गिऱ्हाइकाला सांगताना कर्ता ‘आम्ही’ ठेवलेला जास्त बरा वाटतो: ‘सॉरी, वी हॅव रन आउट ऑफ सुरमई.’ यातला ‘ऑफ’ गाळू नका. तो नसेल, तर आम्ही बाहेर पळालो असाही अर्थ निघतो. रूपं ‘रन, रॅन, रन’ अशी आहेत. तिसरं पुन्हा पहिल्यासारखंच, त्यामुळे ‘हॅव रॅन’ कधीच नाही. दोन-चार तुकड्याच उरल्या असतील, तर ‘वी आर रनिंग लो ऑन सुरमई.’ एवढं आधी सांगितलं, की पुढची ऑर्डर घेताना खोटं पडावं लागत नाही.

प्रश्न (हर्णे): ‘रन अग्राउंड’ आणि ‘रन इनटू’ यांत फरक काय?

उत्तर: ओहोटीला खाडीच्या तोंडाशी होडीचा तळ वाळूला लागतो आणि ती रुतून बसते, ते ‘द बोट रॅन अग्राउंड’. खडकावर किंवा दुसऱ्या होडीवर आदळली, तर ‘रॅन इनटू’. पण ‘आय रॅन इनटू माय टीचर’ म्हणजे बहुतेक वेळा गुरुजी अचानक भेटले.

प्रश्न (वेंगुर्ले): चादरीचा रंग गेला, हे कसं सांगावं?

उत्तर: धुताना रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागला, तर ‘द कलर रॅन’. उन्हात वाळत घालून विटला, तर ‘द कलर फेडेड’.