'बॅन' आणि 'बंदी' : नात्यातले की नुसते उच्चाराने सारखे?

'ते ॲप बॅन झालं' आणि 'त्या ॲपवर बंदी आली' ही दोन्ही वाक्यं आपण सारख्याच सहजतेने बोलतो. त्यावरून एका वाचकाने विचारलं आहे की इंग्रजी 'बॅन' आणि आपला 'बंदी' एकाच मुळातून आले का, आणि 'बॅन' या क्रियापदाचा मूळ अर्थ काय?

या दोघांचं नातं नाही. 'बंदी' आपल्याकडे फारसी 'बंद'वरून आला. त्याच्या मुळाशी बांधणं आहे, म्हणून तो संस्कृत 'बन्ध्'च्या घराण्यातला. इंग्रजीत त्या घराण्याचा प्रतिनिधी आहे 'बाइंड'. 'बॅन'चं मराठीतलं भावंड मात्र वेगळंच आहे आणि ते आपल्या तोंडी दिवसभर असतं : 'म्हणणे'.

हे ओढूनताणून जुळवलेलं नाही. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला 'भ' असेल, तर इंग्रजी भावंडात तिथे 'ब' सापडतो. भ्राता–ब्रदर, भ्रू–ब्राउ, भृ (वाहणे)–बेअर. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांत हे बसतं. त्या हिशेबाने 'बॅन'समोर 'भ'ने सुरू होणारा धातू हवा, आणि तो आहे. ऋग्वेदात 'भन्' म्हणजे बोलणे. पुढे तो 'भण्' या रूपात रुळला. गीतगोविंदातल्या पदांत 'श्रीजयदेवभणितम्' अशी कवीची मुद्रा येते, ती याच धातूची. प्राकृतात 'भणइ', आणि मराठीत येताना शेजारच्या अनुनासिक 'ण'मुळे 'भ'चा 'म्ह' झाला. म्हणे, म्हणती, म्हण : सगळे त्याच कुळातले.

मग 'बन्ध्' आणि 'बाइंड' या जोडीत दोन्हीकडे 'ब' कसा, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर हेर्मान ग्रासमान या जर्मन अभ्यासकांनी १८६३ मध्ये दिलं. एका धातूत दोन महाप्राण (घ, ध, भ असे 'ह'कार मिसळलेले ध्वनी) लागोपाठ आले की संस्कृत पहिल्याचा प्राण काढून घेतं. म्हणजे मूळचा 'भन्ध्' होता, त्याचा 'बन्ध्' झाला. (ऋग्वेदाचा मोठा शब्दकोशही याच ग्रासमान यांचा. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.)

आता अर्थाकडे वळू. जुन्या इंग्रजीत 'बॅनन' म्हणजे जाहीरपणे बोलावणं, फर्मान काढणं. त्यात मनाई नव्हती. राजाने माणसं लढाईला बोलावली तरी तो बॅनच. युरोपात फ्रँक राजांच्या कायद्यात 'बानुस' हा राजाचा हुकमाचा अधिकार होता आणि तो हुकूम मोडणाऱ्याला ६० सॉलिडस (तेव्हाचं चलन) दंड असे. आपल्याकडच्या दवंडीमागे सरकारचा धाक उभा केला की जे होईल, ते हे. मनाईचा आणि शापाचा अर्थ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या 'बान्ना'मध्ये ठळक होता, आणि इंग्रजीतल्या या अर्थांवर त्याची छाप पडली. शेक्सपिअरच्या 'किंग लियर'मध्ये एडगर वेडाचं सोंग घेऊन शिव्याशाप देण्याचं बोलतो, तिथे त्या शापांना 'बॅन' हाच शब्द आहे.

दवंडीचा जुना अर्थ चर्चमध्ये जिवंत राहिला. लग्नाआधी वधूवरांची नावं चर्चमध्ये जाहीर वाचून 'कुणाची हरकत?' असं विचारतात, त्याला इंग्रजीत 'बॅन्स' म्हणतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने (रोममधली धर्मसभा) ही प्रथा सगळ्या पश्चिमी चर्चला लागू केली. म्हणजे एकाच शब्दाचं एक रूप वस्तूला अटकाव करतं आणि दुसरं लग्नाची वाट मोकळी करतं. दोन्हीकडे समान आहे ते जाहीर करणं.

बाकीचं गणगोतही असंच. इटालियनमध्ये 'बांदो' म्हणजे जाहीरनामा. त्या जाहीरनाम्याविरुद्ध आणलेला माल तो 'काँट्राबँड', आणि ज्याला जाहीरनामा काढून गावाबाहेर केलं तो 'बँडिट'. 'अबँडन'मध्ये एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हुकमाखाली सोडून देणं आहे. मला सगळ्यांत आवडतो तो 'बनाल'. फ्रान्समध्ये जमीनदाराच्या हुकमाखालच्या गिरणीला आणि भट्टीला हे विशेषण होतं. रयतेने दळण तिथेच दळायचं, पाव तिथेच भाजायचा, वर त्याचं शुल्क द्यायचं. सगळं गाव वापरतं म्हणून सामाईक, सामाईक म्हणून सामान्य, आणि सामान्य म्हणून गुळगुळीत, अशा पायऱ्या उतरत तो आजच्या अर्थाला आला. राज्यक्रांतीने ती सक्ती मोडून काढली, विशेषण तेवढं उरलं.

स्वित्झर्लंडमध्ये अजून 'बानवाल्ड', म्हणजे बंदीची जंगलं, आहेत. आंडरमाट गावाच्या वरचं जंगल कोसळणारे हिमकडे अडवतं, म्हणून १३९७ मध्ये लेखी करार करून तिथली झाडं तोडायला मनाई केली. त्या कराराचं नाव 'बानब्रीफ', म्हणजे मनाईपत्र.

वापराबद्दल एक सांगायला हवं. इंग्रजी 'बॅन'मध्ये आजही अधिकाराने जाहीर केल्याचा भाव आहे. घरच्या मनाईला तिकडे 'फर्बिड' शोभतं. मराठीतही हा फरक आपण पाळतो. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर 'बंदी घातली', पण आईने रात्री मोबाइल बघायला 'मनाई केली'. भाषांतर करताना 'बॅन' दिसला की डोळे मिटून 'बंदी' लिहू नये. आधी हुकूम कुणाचा आहे ते बघावं. आईचा असेल तर 'आईने बंदी घातली' हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, आणि मूळ लेखकाला तसंच वाटायला हवं असेल, तरच ते ठेवावं.