वाहन-सल्ला : पिकअपचे चार सिलिंडर झोपू द्यावेत का?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली काही वर्षे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. ट्रेलर ओढण्यासाठी गेल्या महिन्यात २०१६ सालची, ७८,००० मैल चाललेली शेव्हरोले सिल्वराडो १५०० ही ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाची पिकअप घेतली. आजपर्यंत तिची काहीही तक्रार नाही. मात्र हमरस्त्यावर लागलो की डॅशबोर्डवर ‘व्ही-४’ अशी अक्षरे उमटतात, म्हणजे आठांपैकी चार सिलिंडर आपोआप बंद होतात, आणि कामावरचे लोक सांगतात की इंजिनाचा घात याच सोयीमुळे होतो. कोणी म्हणते, सुमारे २०० डॉलरचे उपकरण लावून ती बंद करा. एक मेकॅनिक तर इंजिन उघडून सगळी यंत्रणाच काढून टाकायला सांगतो. मी काय करावे?

उत्तर : आपल्या गाडीतील या यंत्रणेला जनरल मोटर्सने ‘अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट’ असे नाव दिले आहे. सपाट हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना एवढ्या मोठ्या इंजिनाला फारसे काम नसते. इंजिनात हवा सोडणारे दार, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटलेले राहते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते. आठांपैकी चार सिलिंडर गप्प बसवले, की उरलेल्या चारांवर भार वाढतो, त्यांच्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावे लागते आणि हवा ओढण्याचा तो खर्च वाचतो. बंद होणारे सिलिंडर १, ४, ६ आणि ७ या क्रमांकांचे असतात. या इंजिनात ठिणगी १-८-७-२-६-५-४-३ या क्रमाने पडते, म्हणजे बरोबर एकाआड एक सिलिंडर वगळला जातो आणि इंजिनाचा ठेका बिघडत नाही.

कल्पना चांगली आहे. नाजूकपणा आहे तो लिफ्टरमध्ये. साध्या लिफ्टरला कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा वर ढकलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला ढकलतो आणि पुढे रॉकर या तरफेमार्फत सिलिंडरचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडते. बंद होणाऱ्या सिलिंडरांचे आठ लिफ्टर मात्र एकात एक सरकणाऱ्या दोन भागांचे असतात आणि बारीक पिना त्या भागांना एकत्र धरून ठेवतात. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली चार सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपा, असतात. गाडीच्या संगणकाचा हुकूम आला, की त्यांच्यातून इंजिन ऑइलचा दाब लिफ्टरपर्यंत पोहोचतो, पिना आत दबतात, लिफ्टरचा बाहेरचा भाग कॅमवर नुसताच वरखाली होत राहतो आणि व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात. दाब काढून घेतला, की स्प्रिंग पिनांना पुन्हा जागेवर आणते. ही सगळी अदलाबदल कॅमच्या एका फेरीत नेमक्या क्षणी व्हावी लागते, आणि ती शहरातल्या एका फेरफटक्यातही कितीतरी वेळा होते.

आता यात ऑइल जुने झाले, त्याची पातळी उतरली किंवा बारीक वाटांमध्ये गाळ साचला, तर पिना अर्धवट अडकतात. लिफ्टर दबलेल्या स्थितीतच अडकला, तर तो सिलिंडर पेटत नाही, इंजिन थडथडते, ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि कधी पुशरॉड वाकतो. दुसरा प्रकार त्याहून महागाचा आहे : लिफ्टरचा रोलर, म्हणजे कॅमवर फिरणारे त्याचे चाक, झिजतो, कॅमशाफ्टचा उंचवटा खरवडतो आणि धातूचा भुगा ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर येणारी टिकटिक काही मिनिटांत न थांबता टिकून राहू लागली, तर ती ऐकू आली नाही असे दाखवू नये.

ज्या उपकरणाबद्दल आपण विचारता, ते स्टिअरिंगखालच्या तपासणी-सॉकेटमध्ये बसते आणि इंजिनाच्या संगणकाला आठही सिलिंडर चालू ठेवायला लावते. संगणकातील मूळ प्रोग्रॅमला ते हात लावत नाही; काढले की गाडी पूर्ववत होते. पिनांची रोजची ये-जा थांबते, हा त्याचा खरा फायदा. पण ते लावणाऱ्यांपैकी अनेकांचा असा समज होतो, की दुखणे मुळापासून गेले, आणि तो चुकीचा आहे, कारण लिफ्टर तेच दोन भागांचे राहतात, रोलर तेच राहतात, आणि ऑइलची हेळसांड झाली तर ते झिजायचे ते झिजतातच. ज्या लिफ्टरची पिन आधीच घासली गेली आहे, त्याला हे उपकरण बरे करू शकत नाही. पैसे खर्च करण्याआधी गिअर ‘एम’वर (हाताने गिअर निवडण्याच्या स्थितीत) टाकून पाचव्या गिअरची मर्यादा लावून पाहा, आपली गाडी सहा गिअरांची असेल, तर त्या स्थितीत इंजिन सहसा आठही सिलिंडरांवर राहते. ट्रेलर ओढताना एवढे पुरते, पण लांबच्या रिकाम्या प्रवासाला सहावा गिअर गमावणे परवडत नाही.

यंत्रणा बंद ठेवली तर इंधनाचा तोटा किती, हा पुढचा प्रश्न. २०२१ च्या मार्चमध्ये चिपच्या तुटवड्यामुळे जनरल मोटर्सने काही पिकअप गाड्या ही यंत्रणा चालवणाऱ्या मॉड्यूलशिवायच बाहेर काढल्या, आणि त्यामुळे गॅलनमागे सुमारे एक मैल कमी मिळेल असे कंपनीनेच सांगितले. तोच हिशेब आपल्या गाडीला लावू. फोर-व्हील-ड्राइव्ह प्रकाराचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला १८ मैल आहे. तो १७ झाला, तर वर्षाला १२,००० मैलांमागे सुमारे ३९ गॅलन जास्त लागतील. गॅलन ३ डॉलरचा धरला, तर हा भुर्दंड १२० डॉलरच्या आत राहतो. आपण ट्रेलर ओढत असाल तर तो याहूनही कमी असेल, कारण भार असताना यंत्रणा तशीही क्वचितच चार सिलिंडर बंद करते.

मेकॅनिक सुचवतो ते काम वेगळ्या जातीचे आहे. त्यात सिलिंडर हेड उतरवून खास लिफ्टर काढतात, साधे लिफ्टर व वेगळा कॅमशाफ्ट बसवतात, सोलेनॉइडांच्या जागी साधे झाकण लावतात, हेडचे बोल्ट व गॅस्केट नवे घालतात आणि शेवटी संगणकाचा प्रोग्रॅमही बदलतात. खर्च काही हजार डॉलरवर जातो. निरोगी इंजिन केवळ भीतीपोटी असे उघडणे मला मुळीच पटत नाही. लिफ्टर खरोखरच गेला आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर मात्र तेच कमकुवत भाग पुन्हा बसवण्यापेक्षा हा मार्ग विचारात घ्यावा. त्यापूर्वी कायद्याकडेही पाहावे लागेल, कारण अमेरिकेच्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’नुसार उत्सर्जनाशी निगडित यंत्रणेत फेरफार करण्यास मनाई आहे आणि कॅलिफोर्नियात तर अशा सुट्या भागांना तेथील वायू मंडळाचा मान्यता-क्रमांक लागतो. आपल्या गाडीची ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची इंजिन-हमी संपलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. नवी गाडी असती, तर प्रोग्रॅमला हात लावू नका असेच मी सांगितले असते.

पहिला खर्च ऑइलवर करा. या इंजिनात ८ क्वार्ट ऑइल मावते; कंपनीने सांगितलेले ०डब्ल्यू-२० डेक्सॉस प्रतीचेच घाला, डॅशबोर्ड सांगेपर्यंत वाट न पाहता ५,००० मैलांना बदला, आणि दर दुसऱ्यांदा इंधनाची टाकी भरताना डिपस्टिक ओढून पातळी पाहा. आधीच्या मालकाकडून ऑइल बदलल्याच्या पावत्या मिळाल्या, तर त्या २०० डॉलरच्या उपकरणापेक्षा मोलाच्या ठरतील. नोंदी चांगल्या असतील आणि चार सिलिंडरांवर येणारी बारीक घरघर आपल्याला खटकत असेल, तर उपकरण खुशाल लावा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून, आणि डॅलस भागातील धूर-तपासणीला जाताना सॉकेट मोकळे हवे म्हणून, ते काढून ठेवा.

जाता जाता सांगण्यासारखे : ही खटपट नवी नाही. कॅडिलॅकने १९८१ साली ८, ६ किंवा ४ सिलिंडरांवर चालणारे इंजिन आणले होते. त्या काळच्या संगणकाला तो वेग झेपला नाही आणि कित्येक मालकांनी जोडणी सोडवून ते कायमचे आठ सिलिंडरांवर चालवले.

प्रश्न : आमच्याकडे पुण्यात १.५ लिटर टीएसआय इंजिनाची स्कोडा कुशाक आहे. तिच्यातही दोन सिलिंडर बंद होतात. आम्हीही ते बंद करून घ्यावे का?

उत्तर : नाही. चाकणला तयार होणाऱ्या आपल्या गाडीत दुसरा व तिसरा सिलिंडर बंद होतो, पण ते काम विद्युतचुंबकाने कॅमशाफ्टवरील नळीसारखा भाग सरकवून केले जाते. ऑइलच्या दाबाने दबणारे लिफ्टर तेथे नाहीत. सिल्वराडोचे औषध आपल्या गाडीला लागू पडत नाही. दिलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग करा आणि ते दोन सिलिंडर आपल्या वेळेला झोपू द्या.