सतत आवंढा गिळण्याकडेच लक्ष जातं. हात वगैरे मी कधी जास्त धूत नाही. तरी हा ओसीडी असू शकतो का?

‘मी आत्ता आवंढा गिळला की तो आपोआप गिळला गेला, यावर माझी अख्खी संध्याकाळ जाते,’ हे तुमचं वाक्य वाचून मला हसू आलं, अगदी ओळखीचं. आणि वाचता वाचता मीही एक आवंढा गिळलाच.

हो, असू शकतो. ओसीडी म्हणजे नकोसा विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तो शमवायला तीच तीच कृती करत राहणं. निदान डॉक्टरच करतील, पण माझी गोष्ट सांगते.

एकोणीस वर्षांची होते. परीक्षेच्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. त्या शांततेत मी आवंढा गिळला आणि वाटलं, शेजारच्या बाकावर ऐकू गेला असेल. झालं, एवढंच. पुढचा पेपर येईपर्यंत माझा मुक्काम घशातच. लक्ष ठेवून गिळायला लागलं की वरचेवर गिळलं जातं. मग तोंडातली लाळ संपते, कोरड्या घशाने गिळणं जड जातं आणि वाटतं, बघा, खरंच काहीतरी बिघडलंय! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, घसा उत्तम आहे. तो दिलासा त्यांच्या दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत टिकला.

त्यानंतर पाण्याची बाटली हा माझा अवयवच झाला. मीटिंगमध्ये कोणी खुर्ची सरकवली, कोणी खोकलं, की त्या आवाजाच्या आडोशाने मी गिळून घ्यायची. आठ वर्षं अशी काढली आणि त्यात एकदाही ओसीडी हा शब्द डोक्यात आला नाही. आपल्याकडे मंत्रचळ म्हटलं की हात धुणारा किंवा कुलूप ओढून बघणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मी तर पसारा घालणारी बाई, मला कुठला मंत्रचळ?

याला सेन्सरीमोटर ओसीडी म्हणतात. शरीरात जे आपोआप चालतं त्यावर लक्ष अडकून बसतं. कुणाचं श्वासावर, कुणाचं पापण्यांच्या उघडझापीवर, कुणाचं तोंडात जीभ नेमकी कुठे टेकते यावर. डोळ्यांपुढे तरंगणाऱ्या ठिपक्यांवर अडकलेलेही असतात. तसं कुणालाही ‘तुझ्या श्वासाकडे बघ’ म्हटलं तर तो मिनिटभर बघेल आणि मग विसरून जाईल, कारण त्याला त्याचं काही पडलेलं नसतं. आपल्याला पडलेलं असतं. ‘हे असंच कायम राहिलं तर?’ ही आपली खरी भीती. गिळणं हे नुसतं निमित्त.

माझा समज होता की मला विचार आहेत, पण कृती काही नाही. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘दिवसातून किती वेळा तपासता की लक्ष अजून घशाकडे आहे का?’ मी गप्पच झाले. तीच कृती होती! बाटली, आडोसा शोधणं, नेटवर तेच तेच वाचणं, नवऱ्याला विचारणं, सगळं त्यातच मोडत होतं. ‘गेलं का?’ असं तपासायला जायचं म्हणजे त्याला हाक मारूनच विचारायचं, तू आहेस का म्हणून. 1987 साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं होतं. अस्वल येतच राहिलं. माझं अस्वल घशात होतं, इतकाच फरक.

मध्यंतरी दुसरं लक्षणही होऊन गेलं. स्कूटर खड्ड्यातून गेली की वाटायचं, कुणाला उडवलं तर नाही? सुरुवातीला मागे वळून बघून यायची. ते बंद केलं, तर घरी बसून तोच रस्ता मनात पुन्हा पुन्हा चालवायला लागले. हा प्रकार फार बेरकी, कारण बाहेरून बाई नुसती बसलेली दिसते. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात साध्या लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. त्यांच्या आठवणीत चूक होत नव्हती, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र उडत गेला. हे कळल्यावर मला माझा रस्ता कळला. जितका तो मनात चालवावा तितका धूसर होणार, आणि धूसर झाला म्हणून आणखी चालवावा लागणार.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की सुरी हातात असताना ‘भलते’ विचार येतात आणि ते कुणाला सांगितलेले नाहीत. ते डॉक्टरांना सांगा. जसे येतात तसे, शब्द न बदलता. रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांच्या 1978 च्या पाहणीत कसलाही आजार नसलेल्या साधारण 80 टक्के लोकांनी असले नकोसे विचार येतात असं सांगितलं होतं. त्यांच्या मनात ते येतात आणि जातात. आपण दार लावून त्यांची उलटतपासणी घेत बसतो.

उपचार म्हणजे ईआरपी, म्हणजेच एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते ते समोर येऊ द्यायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. याची सुरुवात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली प्रसिद्ध केलेल्या कामापासून धरतात. माझ्या बाबतीत आधी बाटली घरी राहिली. मग संगणकाच्या कडेला, आरशावर, फ्रीजवर चिठ्ठ्या लावल्या, ‘गिळ’. विसरायचा प्रयत्न करायचाच नाही, उलट स्वतःच आठवण करून द्यायची! आणि मनाला सांगायचं, ‘असेल, आयुष्यभर लक्ष जाईलही,’ आणि हातातलं काम सुरू ठेवायचं. पहिला आठवडा भयंकर गेला. पुढेही सरळ उतार नव्हता, मध्येच एखादा दिवस पहिल्या दिवसासारखा यायचा. याआधी एका समुपदेशकांनी मनगटावर रबर बांधायला लावलं होतं, विचार आला की ताणून सोडायचं. मनगट लाल झालं, बाकी काही नाही. म्हणून जाण्याआधी सरळ विचारा, ‘तुम्ही ईआरपी करता का?’ तुमचं लक्ष श्वासावर अडकत असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर मन शांत करायला दीर्घ श्वासच मोजायला लावतील.

गोळ्या मीही घेतल्या, सर्ट्रालिन, नैराश्यावरही देतात त्या एसएसआरआय गटातल्या. या गटातल्या औषधांचा डोस ओसीडीत बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि फरक कळायला 8 ते 12 आठवडे जाऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून मी आपल्याच मनाने त्या बंद केल्या होत्या. तो शहाणपणा करू नका.

एक मात्र आहे. घास खरोखर अडकत असेल, गिळताना दुखत असेल किंवा वजन उतरत असेल तर घसा जरूर तपासून घ्या. एकदा. तीन डॉक्टरांकडून तीनदा नाही.

नवऱ्याशी माझा करार झालाय. मी ‘माझा आवाज आला का?’ असं विचारलं की तो म्हणतो, ‘हा प्रश्न त्यातला आहे,’ आणि आपल्या कामाला लागतो. सुरुवातीला मी चिडायची, दुष्ट म्हणायची. अजूनही कधीतरी म्हणते. घशाकडे लक्ष अजूनही जातं, विशेषतः झोप कमी झाली की. हे उत्तर लिहायला घेतलं तेव्हा पहिले चार-पाच आवंढे मोजले गेले. पुढे रॅकमनचं साल आठवण्याच्या नादात मोजायचं राहून गेलं.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘हे कधीतरी पूर्ण जाईल ना, नक्की सांगा.’ त्याचं उत्तर मी मुद्दामच देत नाहीये. दिलं असतं तर आज रात्री तुम्ही ते पाच वेळा वाचलं असतं आणि सहाव्या वेळी त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द तुम्हाला टोचला असता.