भूमध्य समुद्रात शिरण्यापूर्वी जहाजाचे इंधन केव्हा आणि कसे बदलावे?

मुरगाव बंदरातून सुएझमार्गे युरोपकडे निघालेल्या जहाजाने इंधन केव्हा व कसे बदलावे, असे आपण विचारले आहे. मी वास्कोचा आहे आणि जहाजाच्या इंजिन रूममध्ये काम करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की ही वेळ इंजिनाला सोसवेल त्या गतीने इंधन बदलायला किती तास लागतात यावरून, कमी गंधकाचे इंधन सक्तीचे होते त्या हद्दीपासून मागे मोजत ठरवावी.

१ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५० टक्के आहे, तर उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत (जिथे जहाजांच्या धुरावर अधिक कडक नियम असतात अशा समुद्रभागांत) ती ०.१० टक्के आहे आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही तीच लागू झाली. याचा अर्थ, सुएझ कालव्याचे उत्तर टोक ओलांडताच जहाज हद्दीत येते. कालव्यात पुढेमागे जहाजांची रांग असताना इंजिन बंद पडण्याचा धोका पत्करणे मला मुळीच मान्य नाही. म्हणून इंधन बदलण्याचे काम तांबड्या समुद्रात, मोकळ्या पाण्यात उरकावे. महागडे गॅस ऑइल (कमी गंधकाचे, डिझेलसारखे पातळ इंधन) जास्त जळते अशी तक्रार होईल, ती होऊ द्यावी.

खरा धोका तापमानाचा आहे. जड (घट्ट, काळे) इंधन साधारण १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून इंजिनाला दिले जाते, तर मरीन गॅस ऑइल ४० अंशांच्या आसपास ठेवावे लागते, कारण तापल्यावर ते इतके पातळ होते की फ्युएल पंपाच्या प्लंजर (वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि बॅरलमध्ये (त्याभोवतीची नळी) वंगणाचा थर टिकत नाही. या दोन भागांतील फट अवघी काही मायक्रॉनची असते आणि तापमान झपाट्याने उतरले तर दोन्ही सारखे आकसत नाहीत, त्यामुळे प्लंजर जागच्या जागी अडकतो. म्हणून इंजिनावरचा भार आधी कमी करावा, हीटर आणि स्टीम ट्रेसिंग (इंधनाचे पाइप गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्या) वेळेवर बंद करावे आणि तापमान मिनिटाला २ अंशांहून वेगाने बदलू देऊ नये. एवढ्यालाच पाऊण तास लागतो. इंजिनाच्या तोंडाशी इंधनाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, २ सेंटीस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) खाली जाता कामा नये.

तापमान उतरले म्हणजे गंधक उतरले असे मात्र नाही. जुने इंधन ०.५० टक्क्यांचे आणि नवे ०.०८ टक्क्यांचे असेल, तर ०.१० गाठण्यासाठी यंत्रणेत जुन्याचा अंश ५ टक्क्यांहूनही कमी उरावा लागतो, म्हणजे पाइप आणि मिक्सिंग टँक (जिथे परतीचे व नवे इंधन मिसळते ती छोटी टाकी) मिळून जेवढे इंधन मावते त्याच्या सुमारे तिप्पट नवे इंधन त्यातून जावे लागते. इंजिन ते किती वेळात जाळते, यावरून तास काढावेत. इंजिनातून परतणारे गरम, मिश्र इंधन गॅस ऑइलच्या सर्व्हिस टँकमध्ये (इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या टाकीत) जाऊ देऊ नये, नाहीतर सगळी टाकी बिघडते.

दोन इंधने एकमेकांशी न जुळल्यास गाळ सुटून फिल्टर तुंबतात. त्या काळात एक माणूस फिल्टरजवळच ठेवावा. बदल पूर्ण झाल्यावर इंजिन पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी चालवून पाहावे, आणि तारीख, वेळ, जहाजाचे स्थान व प्रत्येक टाकीतील कमी गंधकाच्या इंधनाचा साठा लॉगबुकात त्याच वेळी नोंदवावा.