स्टिरॉइड नसलेलं मलम, पहिल्या रात्रीची आग आणि खोक्यातली ती चिठ्ठी

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या मुलीला, वय आठ, लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या घडीत, गुडघ्यामागच्या लवणीत आणि मानेला. आधी मेडिकलमधून क्लोबेटासॉलची ट्यूब आणून लावायचो, चार दिवसात जायचं आणि बंद केलं की परत यायचं. आता सांगलीच्या स्किनच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस ०.०३ टक्के दिलंय, यात स्टिरॉइड नाही म्हणाले. पहिल्याच रात्री अंघोळ घालून लगेच लावलं तर पोरगी आग आग करून रडायलाच लागली. दीर खोक्यातली चिठ्ठी वाचून म्हणतात यानं कॅन्सर होतो, सासूबाई म्हणतात टाकून दे ते आणि हळद लाव. लावू का नको?

उत्तर : लावा ताई. डॉक्टरांनी दिलंय तर लावा, फक्त लावायची पद्धत थोडी बदला. तुम्ही बंद करून परत क्लोबेटासॉलकडे गेलात तर मला जास्त काळजी वाटेल, कारण ते स्टिरॉइडमधलं सगळ्यात कडक औषध आहे आणि आठ वर्षाच्या मुलीच्या घडीतली कातडी आधीच पातळ असते, तिथं ते महिनोन् महिने लागलं की कातडी आणखी पातळ होते, पांढुरके चट्टे पडतात, कधी कायमच्या रेघा उमटतात. टॅक्रोलिमसनं कातडी पातळ होत नाही. म्हणूनच चेहरा, पापण्या, मान, घड्या अशा नाजूक जागांसाठी आम्ही ते लिहून देतो.

आता आगीचं. ही आग बऱ्याच जणांना होते, औषध बाधलं असा त्याचा अर्थ नाही. हे मलम सुरुवातीला कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतं, त्यामुळं गरम लागतं, चुरचुरतं, खाजही थोडी वाढते, आणि रोज लावत गेलं की साधारण आठवड्याभरात ते कमी होत जातं. गंमत अशी की लोक नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडतात, म्हणजे सगळा त्रास सोसून झाला आणि फायदा मिळायच्या आधी औषध कपाटात गेलं, ओपीडीत मी हे इतक्या वेळा बघते की आता चिठ्ठी लिहितानाच आई-बापाला समोर बसवून सांगते की आग होणार आहे, घाबरू नका.

तुमच्या पत्रातलं "अंघोळ घालून लगेच" हे वाचलं आणि तिथंच निम्मं उत्तर मिळालं. ओल्या, गरम कातडीवर हे मलम जास्त चुरचुरतं. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत आटपा, टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या, मग कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, हाताला गार लागली पाहिजे. त्यानंतर मलम. लवणीत लावताना तिला पालथं झोपवा, पाय सरळ ठेवा, लाल खरबरीत जेवढी जागा आहे तेवढ्यावरच पातळ थर पसरा, बोट हलकं फिरवा, चोळून चोळून जिरवू नका. लावून झाल्यावर कातडीवर पांढरा लेप दिसत असेल तर जास्त झालं. माप सोपं आहे, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ मावते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. ट्यूब लहान आणि किंमत जास्त म्हणून लोक पुरवून पुरवून लावतात, तसंही नको, जागा सगळी झाकली पाहिजे. मलम मुरलं की मग मॉइश्चरायझर, आणि ते मात्र सढळ हातानं, अंगभर, दिवसातून दोनदा तरी. वरून प्लास्टिक गुंडाळायचं नाही, पट्टी बांधायची नाही. लावून झाल्यावर तुमचे हात धुवा, आणि तिचा हात डोळ्याला जाणार नाही एवढं बघा.

आगीनं खरंच झोप उडत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. कातडी फारच लालभडक, चिरलेली असेल तर कधीकधी आधी थोडे दिवस सौम्य स्टिरॉइड देऊन भडका खाली आणतात आणि मग यावर येतात. स्टिरॉइड म्हणजे विषच असं काही लोकांनी मनावर घेतलंय तेही बरोबर नाही, योग्य ताकदीचं, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी ते उत्तम औषध आहे. माझा राग आहे तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र कोंबलेलं असतं. २०१८ मधे केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली, तरी गावोगावी नाव सांगितलं की मिळतातच. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं की ते स्टिरॉइड, हे पाठ करून ठेवा.

दिरांनी वाचलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. टॅक्रोलिमस मुळात किडनी, लिव्हर बदललेल्या पेशंटला पोटातून देतात, शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून, आणि तसं पोटातून वर्षानुवर्षं घेतल्यावर काही कॅन्सरचा धोका वाढतो हे माहीत आहे. प्राण्यांवरच्या मोठ्या डोसच्या चाचण्या आणि तुरळक केसेस बघून अमेरिकेच्या औषध खात्यानं २००६ मधे मलमाच्या खोक्यावरही ठळक इशारा छापायला लावला. तो अजून आहे. पण मलमातून रक्तात जाणारं औषध फार कमी असतं, आणि त्यानंतर इसब असलेल्या जवळपास ८ हजार मुलांवर दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवून २०२० मधे जो अभ्यास छापला गेला त्यात कॅन्सर अपेक्षेपेक्षा जास्त आढळला नाही. म्हणून मी माझ्या पेशंटना हे बिनधास्त देते, पण नियम पाळायला लावते, दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतःच्या मनानं कधीच नाही, लागेल तिथंच, आणि लावलेल्या जागी कडक ऊन नको. तासगावचं उन्हाळ्यातलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, शाळेत जाताना मान झाकेल असा सुती स्कार्फ आणि पूर्ण बाह्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सांगलीत बसून हळदीला नको म्हणणं मलाही जड जातं, पण चिरलेल्या, ओल्या इसबावर हळद, कडुलिंबाचा पाला, लिंबू, अंघोळीच्या पाण्यात डेटॉल, यातलं काहीच नको, कातडी आणखी चिडते. त्यांना काही करायचंच असेल तर खोबरेल तेल लावू दे, त्याला माझी ना नाही, फक्त मलम मुरल्यावर.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, कातडी हाताला मऊ लागेपर्यंत. नुसता लालपणा गेला म्हणून थांबू नका, डोळे मिटून बोट फिरवून बघा, खरबरीत लागतंय तोवर आत इसब आहे. साफ झाल्यावर काही मुलांना त्याच त्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस लावत ठेवायला सांगतात, म्हणजे परत परत भडकत नाही, पण ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सहा आठवड्यांत सुधारलं नाही तर परत दाखवाच, कदाचित ते इसब नसेलही.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक आईला सांगतेच. पिवळी खपली, पू, ताप, किंवा इसबावर अचानक एकसारखे बारीक दुखरे फोड उठले आणि फुटून टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे दिसायला लागले तर मलम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. तो हर्पिस नावाच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, इसबाच्या कातडीवर तो झपाट्यानं पसरतो आणि डोळ्यापर्यंत गेला तर फार वाईट. घरात कुणाच्या ओठावर जर, म्हणजे पाणीदार बारीक फोड, उठला असेल तर त्यानं पोरीचा मुका घ्यायचा नाही.

प्रश्न : मॅडम, आम्ही कोरेगावकडचे, मिस्टरांची शेती. पावसाळा सुरू झाला की यांच्या पापण्या, मान, कानामागं सगळं काळंनिळं जाड होतं आणि खाजवून खाजवून रात्र काढतात. पुतण्याला क्रिसाबोरोल नावाचं मलम दिलंय, त्यातही स्टिरॉइड नाही म्हणे, तेच यांना लावलं तर चालेल का?

उत्तर : नाही, दुसऱ्याची ट्यूब नको. वहिनी, तुम्ही जे वर्णन केलंय, पावसाळ्यात, उघड्या अंगावर, पापण्यांवर, शेतकरी माणूस, त्यावरून मला पहिला संशय गाजर गवताचा येतो. १९५० च्या दशकात हे पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं आणि आता बांधावर, ओढ्याकाठी कुठं नाही असं नाही. त्याचे बारीक कण हवेतून कातडीवर बसतात आणि ॲलर्जीचं इसब होतं, उन्हानं आणखी वाढतं. कारण तसंच ठेवून मलमं बदलत राहिलात तर काही उपयोग नाही. पॅच टेस्ट करून घ्या, पाठीवर पट्ट्या चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढून बघतात, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा साताऱ्यातल्या स्किनच्या डॉक्टरांकडं चौकशी करा. तोवर गवत त्यांनी स्वतः उपटायचं नाही, ज्याला ॲलर्जी नाही अशानं हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटावं, आणि जाळायचं तर अजिबात नाही. शेतातून आल्या आल्या तोंड, मान, हात धुवायचे, कपडे बदलायचे, ते कपडे अंथरुणावर टाकायचे नाहीत. पापण्यांसाठी स्टिरॉइड नसलेलं मलम बहुतेक मिळेलच, पण कुठलं आणि किती ते बघितल्यावरच ठरेल.

प्रश्न : आईच्या कमरेला गोल गोल चट्टे आहेत, कडेनं लाल, मधे साफ, खूप खाजतं. घरात माझ्या इसबाचं टॅक्रोलिमस पडलंय, स्टिरॉइड नाही म्हणजे निर्धोक ना? (मिरज)

उत्तर : हा नायटा वाटतोय, म्हणजे बुरशी. टॅक्रोलिमस तिथली प्रतिकारशक्ती दाबतं, बुरशी मारत नाही, त्यामुळं खाज थोडी कमी वाटेल आणि चट्टा आतल्या आत पसरेल, शिवाय त्याचं रूप बदलल्यानं पुढं डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. काहीच न लावता आईला दाखवून आणा. कडेची थोडी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी कळतं. नायटा निघाला तर घरातल्या सगळ्यांचं अंग तपासा आणि टॉवेल, चादरी वेगळ्या करून कडक उन्हात वाळवा.