चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांचा प्रभाव आज कुणावर दिसतो?

सगळ्यात ठळक पंजाबी चित्रपटांचे दिग्दर्शक गुरविंदर सिंग यांच्यावर. त्यांच्या 'अन्हे घोडे दा दान'चे (2011) क्रिएटिव्ह प्रोड्यूसर कौलच होते. पण आधी कौल यांचा 'उसकी रोटी' (1969) बघाच. बस ड्रायव्हर नवऱ्यासाठी रोट्या बांधून रस्त्याकडेला ताटकळणारी बालो, आणि कणीक मळणाऱ्या तिच्या हातांवर रेंगाळणारा कॅमेरा. गोष्ट पुढे रेटायची घाईच नाही. हा धीर गुरविंदरनी नेमका उचलला. ठाण्यात नौपाड्यात आमच्या घरी मित्रांना दाखवला तेव्हा काही जण कंटाळले, बाकीचे रात्री उशिरापर्यंत तलावपाळीवर त्यावरच बोलत बसले! मराठी प्रेक्षकाने 'घाशीराम कोतवाल'ही (1976) शोधून बघावा. तेंडुलकरांच्या नाटकावरच्या त्या चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांत कौल एक होते.